पिन बसली, पण मेळ बसला काय?

आपल्या प्रत्येकाच्या घरी एखादा असा खण असतोच, की ज्यात घरातील जुन्या यंत्रांचे अवशेष गोळा होऊन पडलेले असतात. हरवलेल्या मोबाइलचा चार्जर, बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, कोणत्या खेळण्याबरोबर आला हे आता कोणासही आठवत नाही असा एखादा काळा ठोकळा, आणि या सर्वांच्या तारांचा झालेला गुंता! टाकवत नाही म्हणून ठेवलेल्या या वस्तूंची आठवण आपणांस एकाच प्रसंगी होते. चालू यंत्राचा अडॅप्टर बिघडला, की आपण तो खण उघडतो, एकेक पिन यंत्राच्या भोकात घालून पाहतो, आणि जी बसेल ती ‘आपली’ असे समजून बटण दाबतो.

आम्हीही तसेच केले. ती हकीकत सांगण्यास संकोच वाटतो. कारण आम्ही शाळेत भौतिकशास्त्र शिकवितो. परंतु शिक्षकाच्या चुकीतून विद्यार्थी काही शिकणार असतील, तर ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या शाळेच्या संगीत-कक्षात विजेवर चालणारा एक तानपुरा आहे. पाटीएवढी लहानशी पेटी, वर दोन-चार कळा. परंतु सुरू केली की खोली षड्ज-पंचमाने भरून जाते. संगीताच्या बाई सेवानिवृत्त झाल्या, त्या वेळी त्यांनी ती स्वतःच्या पैशांनी घेऊन शाळेला भेट दिली होती. आमचे गाव ग्वाल्हेर. येथे शाळेच्या स्नेहसंमेलनाची ईशस्तवनाने होणारी सुरुवात तानपुऱ्यावाचून व्हावी, हे कोणालाच रुचत नाही. संमेलनाच्या दिवशी दुपारी रंगीत तालीम चालू असताना पेटीच्या अडॅप्टरची तार पिनेपाशी तुटली. कार्यक्रमास चार तास उरले होते. आम्ही इकडेतिकडे पाहिले, तो रंगमंचाच्या सजावटीसाठी आणलेल्या दिव्यांच्या पट्टीचा एक अडॅप्टर मोकळा दिसला. त्याची पिन पेटीत अगदी चपखल बसली. आम्ही बटण दाबले. क्षणभर सूर उमटला, मग ‘फट्’ असा आवाज झाला, जळका वास सुटला आणि पेटी मुकी झाली.

त्या संध्याकाळी मुलींनी हार्मोनियमच्या षड्जावर ईशस्तवन म्हटले आणि चांगलेच म्हटले. परंतु पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंच्या नजरेला नजर देणे आम्हांस जमले नाही. दुसऱ्या दिवशी इयत्ता नववीतील एका मुलीने वर्गात सरळ विचारले, “सर, पिन तर बरोबर बसली होती. मग पेटी जळली कशी?”

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

अडॅप्टर करतो काय?

आपल्या घरातील भिंतीच्या प्लगमध्ये येणारी वीज सुमारे २३० व्होल्ट दाबाची असते, आणि ती प्रत्यावर्ती म्हणजे ए.सी. असते. आपल्या देशात तिची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. म्हणजे एका सेकंदात प्रवाहाची पन्नास आवर्तने होतात आणि त्याची दिशा शंभर वेळा बदलते. पंखा, इस्त्री, पाण्याचा पंप यांना ही वीज मानवते. परंतु ज्या यंत्रांच्या पोटात नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग असतात, त्यांना बहुधा ५, ९, १२ किंवा १९ व्होल्ट एवढ्या कमी दाबाची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे दिष्ट किंवा डी.सी. वीज लागते. भिंतीतील वीज या यंत्राला पचेल अशा रूपात आणून देणे, हे अडॅप्टरचे काम.

हे काम करणाऱ्या अडॅप्टरांचे दोन प्रकार आढळतात. जुना प्रकार हाताला जड लागतो. त्याच्या आत लोखंडी पत्र्यांवर तांब्याची तार गुंडाळलेले रोहित्र असते. नवा प्रकार हलका असतो. त्यातील मंडल विजेची अतिशय वेगाने उघडझाप करून दाब उतरविते. या नव्या अडॅप्टरवर बहुधा ‘आगत १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ अशा अर्थाचा मजकूर इंग्रजीत छापलेला असतो. याचा अर्थ, तो आपल्या देशात चालेल, तसाच १२० व्होल्टच्या अमेरिकेतही चालेल. बदलावी लागेल ती फक्त भिंतीत बसणारी पिन. उलट, परदेशातील नातलगाने पाठविलेल्या अडॅप्टरवर केवळ ‘१२० व्होल्ट’ एवढेच लिहिले असेल, तर तो आपल्या भिंतीत कदापि लावू नये.

अडॅप्टरच्या लेबलावर असे दोन भाग असतात. ‘इनपुट’ हा भिंतीकडचा आणि ‘आउटपुट’ हा यंत्राकडचा. घाईत पुष्कळ लोक पहिलीच ओळ वाचतात आणि फसतात. यंत्राशी मेळ घालताना आपल्याला पाहावयाची ती ‘आउटपुट’ची ओळ.

पहिली कसोटी : विजेचा प्रकार

आउटपुटच्या आकड्याजवळ एक लहानशी खूण असते. एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असतील, तर ती वीज दिष्ट. पाण्याच्या लाटेसारखी नागमोडी खूण असेल, तर ती प्रत्यावर्ती. बहुतेक घरगुती यंत्रांना दिष्ट वीज लागते. तथापि काही जुने मोडेम आणि काही संगीतोपयोगी यंत्रे अशी आहेत, की त्यांना ९ किंवा १२ व्होल्टची प्रत्यावर्ती वीजच लागते. तेथे अडॅप्टर केवळ दाब उतरवितो. दिशा सरळ करण्याचे काम यंत्र स्वतः करते. दिष्ट वीज मागणाऱ्या यंत्राला प्रत्यावर्ती वीज दिली, तर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलणाऱ्या प्रवाहाचा मार त्याला सोसावा लागतो. म्हणून प्रथम ही खूण जुळते की नाही ते पाहावे.

दुसरी कसोटी : दाब

दाब व्होल्टमध्ये मोजतात. इ.स. १८०० च्या सुमारास ज्यांनी पहिली विद्युत्घटमाला तयार केली, त्या इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा यांचे नाव या एककाला दिलेले आहे. पाण्याच्या उदाहरणाने दाबाची कल्पना चांगली येते. गच्चीवरील टाकी जितकी उंच, तितके खालच्या नळाचे पाणी जोराने येते. नळाखाली मातीचे नाजूक भांडे ठेवले असेल, तर फार उंचावरून आलेली धार ते फोडील. टाकी अगदीच ठेंगणी असेल, तर भांड्यात पाणी पडणारच नाही. यंत्राचेही तसेच आहे. कमी दाब मिळाला, तर ते बहुधा सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन अडखळते. अधिक दाब मिळाला, तर ते जळण्याचा संभव असतो.

आमच्या पेटीवर १२ व्होल्ट लिहिले होते. दिव्यांच्या पट्टीचा अडॅप्टर २४ व्होल्टचा होता. दुप्पट दाब दिल्याने काय होते, याचे गणित करून पाहू. १२ व्होल्टवर ०.५ अँपिअर प्रवाह घेणारा एखादा साधा रोधक घ्या. त्याचा रोध, १२ भागिले ०.५, म्हणजे २४ ओम झाला. त्यालाच २४ व्होल्ट दिले, तर प्रवाह १ अँपिअर होईल. आता दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. पूर्वी ती १२ गुणिले ०.५, म्हणजे ६ वॉट होती; आता ती २४ गुणिले १, म्हणजे २४ वॉट झाली. दाब दुप्पट केला आणि उष्णता चौपट झाली! इलेक्ट्रॉनिक यंत्र हे साध्या रोधकाहून गुंतागुंतीचे असते हे खरे. परंतु दाबाचा थोडासा अतिरेकही केवढा महागात पडतो, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

ज्या नियमाने हे गणित आपण केले, तो मांडणारे गेऑर्ग ओम हे जर्मनीतील कोलोन येथे शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवीत असत. त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. प्रथम त्याचे म्हणावे तसे स्वागत झाले नाही. पुढे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक देऊन गौरविले. एका शाळामास्तरांचा नियम दुसऱ्या शाळामास्तराने वर्गात शिकवावा आणि वर्गाबाहेर विसरावा, हा दोष नियमाचा खचित नव्हे!

आमची पेटी ज्या कारागिराकडे नेली, त्याने ती उघडून आतील एक करंगळीच्या पेराएवढा दंडगोल दाखविला. विजेचे चढउतार सावरून धरणारे ते धारित्र होते. अशा धारित्राच्या माथ्यावर बहुधा फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात. आतील दाब असह्य झाला, तर ते तेथेच उकलावे, अशी ती योजना. आमचे धारित्र बरोबर तेथेच उकलले होते. आणि त्याच्या अंगावर, स्वच्छ अक्षरांत, ‘१६ व्होल्ट’ ही मर्यादा छापलेली होती. बारा व्होल्टच्या यंत्रात सोळा व्होल्टची मर्यादा असलेले धारित्र. त्यावर आम्ही चोवीस व्होल्ट लादले. तेव्हा दाब अगदी जुळला पाहिजे, हा नियम कायमचा लक्षात ठेवावा. यंत्रावरच ‘९ ते १५ व्होल्ट’ अशी मुभा लिहिलेली असेल, तर गोष्ट वेगळी.

येथे जड अडॅप्टरांविषयी एक सूचना. रोहित्राच्या जुन्या अडॅप्टरांपैकी पुष्कळांत दाब स्थिर ठेवण्याची सोय नसते. त्यावर १२ व्होल्ट लिहिलेले असते; पण यंत्र न जोडता मोजले, तर १६-१७ व्होल्टही भरतात. पुरेसे ओझे पडले, म्हणजेच ते लिहिलेल्या आकड्यावर उतरतात. असा अडॅप्टर फार थोडा प्रवाह घेणाऱ्या नाजूक यंत्राला लावणे धोक्याचे. त्यापेक्षा दाब स्थिर राखणारा नवा अडॅप्टर बरा.

तिसरी कसोटी : प्रवाहाची क्षमता

या कसोटीविषयी लोकांच्या मनात सर्वांत अधिक गैरसमज आढळतो. प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. हे नाव फ्रान्समधील आंद्रे-मारी अँपिअर यांच्या स्मरणार्थ आहे. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत्परिषदेत व्होल्ट, ओम आणि अँपिअर ही एकके मान्य झाली. एका अँपिअरमध्ये १००० मिलिअँपिअर असतात. म्हणून ‘५०० मिलिअँपिअर’ आणि ‘०.५ अँपिअर’ हे एकच.

पुष्कळांना भीती वाटते, की यंत्रावर ०.५ अँपिअर लिहिले असताना २ अँपिअरचा अडॅप्टर लावला, तर चौपट प्रवाह आत घुसेल आणि यंत्र जळेल. तसे होत नाही. अडॅप्टरवरचा प्रवाहाचा आकडा म्हणजे त्याची क्षमता. तो जास्तीत जास्त किती देऊ शकेल, एवढेच त्यावरून कळते. प्रत्यक्षात किती घ्यावयाचा, हे यंत्र ठरविते. विहिरीत पाणी पुष्कळ आहे म्हणून आपला तांब्या फुटत नाही. त्यात मावेल तेवढेच पाणी येते. मात्र विहीर आटलेली असेल, तर तांब्या अर्धाच भरतो. त्याचप्रमाणे अडॅप्टरची क्षमता यंत्राच्या गरजेएवढी किंवा तिच्याहून अधिक असावी. कमी मात्र असू नये.

कमी असली तर काय होते? अडॅप्टर शक्तीबाहेरचे ओझे वाहू लागतो. तो तापतो, त्याचा दाब ढासळतो आणि यंत्र चमत्कारिक वागू लागते. इंटरनेटचा राउटर वरचेवर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, ध्वनिवर्धकातून घरघर ऐकू येते. आणि आपण दोष देतो तो यंत्राला किंवा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला! पुष्कळ दिवस तापत राहिलेल्या अडॅप्टरचे वेष्टन वितळून आगीचेही भय असते.

थोडक्यात, दाब तंतोतंत तोच आणि प्रवाह तेवढा किंवा अधिक. हे दोन नियम एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

चौथी कसोटी : ध्रुव

दिष्ट विजेला धन आणि ऋण असे दोन ध्रुव असतात. गोल पिनेला आतला पोकळ भाग आणि बाहेरचे कवच असे दोन संपर्क असतात. यांपैकी धन कोणता आणि ऋण कोणता, हे ठरविण्याचा जागतिक नियम नाही. बहुतेक यंत्रांत मध्य धन असतो. परंतु काही संगीतोपयोगी यंत्रांत, विशेषतः गिटारच्या पायपट्ट्यांत, मध्य ऋण असतो. दोन्ही पिना बाहेरून सारख्याच दिसतात!

याची ओळख पटविण्यासाठी लेबलावर एक लहान चित्र असते. मध्ये भरीव ठिपका, त्याला वेढणारे अर्धवट वर्तुळ, आणि दोहोंपासून निघून दोन बाजूंच्या चिन्हांना मिळणाऱ्या रेघा. ठिपक्याची रेघ अधिक चिन्हाकडे गेली असेल, तर मध्य धन. उणे चिन्हाकडे गेली असेल, तर मध्य ऋण. हे चित्र यंत्राच्या भोकाजवळही छापलेले असते. दोन्ही चित्रे सारखी हवीत. सायकलच्या ट्यूबची व्हॉल्व्ह हवा एकाच दिशेने जाऊ देते. कित्येक यंत्रांत विजेपुरती तशीच एक राखणदार व्हॉल्व्ह बसविलेली असते आणि उलट ध्रुव आले, तर ती वाट अडविते. परंतु सर्वच यंत्रांना हा राखणदार नसतो. म्हणून त्याच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

पाचवी कसोटी : पिन

ज्या गोष्टीकडे आपले लक्ष सर्वांत आधी जाते, तिचा क्रम आम्ही मुद्दाम शेवटी लावला आहे. घरगुती यंत्रांत वारंवार आढळणाऱ्या गोल पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर असतो. आतील भोक मात्र कधी २.१, तर कधी २.५ मिलिमीटरचे असते. २.१ची पिन २.५च्या सुईवर चढतच नाही. उलट २.५ची पिन २.१च्या सुईवर सहज चढते, पण सैल राहते. यंत्र हलविले की वीज तुटते. यासाठी पिन ढिली लागत असेल, तर कागद घालून ती घट्ट करण्याचा उद्योग करू नये. योग्य मापाची पिन आणावी.

काही लॅपटॉपांच्या पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यावाटे लॅपटॉप अडॅप्टरची ओळख विचारतो. ओळख पटली नाही, तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरत नाही. अशा यंत्राला व्होल्ट आणि अँपिअर जुळूनही दुसरा अडॅप्टर पुरेसा ठरत नाही. त्याच जातीचा घ्यावा लागतो.

थोडा सराव

आता समजा, आपल्या यंत्रावर लिहिले आहे : १२ व्होल्ट दिष्ट, ५०० मिलिअँपिअर, मध्य धन. खणात पाच अडॅप्टर सापडले आणि पाचांचीही पिन बसते. कोणता निवडाल?

१. ९ व्होल्ट दिष्ट, १ अँपिअर, मध्य धन.
२. १२ व्होल्ट दिष्ट, ३०० मिलिअँपिअर, मध्य धन.
३. १२ व्होल्ट दिष्ट, २ अँपिअर, मध्य धन.
४. १२ व्होल्ट दिष्ट, १ अँपिअर, मध्य ऋण.
५. १२ व्होल्ट प्रत्यावर्ती, १ अँपिअर.

पहिल्याचा दाब कमी. दुसऱ्याचा दाब बरोबर, पण क्षमता तोकडी. चौथ्याचे ध्रुव उलटे. पाचव्याच्या विजेचा प्रकारच निराळा. उरला तिसरा, त्याची क्षमता गरजेच्या चौपट असूनही तोच योग्य. वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा निम्म्याहून अधिक हात दुसऱ्या क्रमांकासाठी वर झाले. कारण ‘कमी वीज म्हणजे कमी धोका’ असे मुलांना वाटले. विहीर आणि तांब्या यांची आठवण करून दिल्यावर ते हात हळूहळू खाली आले.

नव्या काळाची पिन

कोणी म्हणेल, की ही सारी विवंचना आता कशाला? हल्ली मोबाइलपासून लॅपटॉपपर्यंत एकच ‘टाइप-सी’ पिन चालते. हे पुष्कळ अंशी खरे आहे, आणि त्यामागील युक्ती समजून घेण्याजोगी आहे. टाइप-सीच्या चार्जरमधून प्रथम केवळ ५ व्होल्ट येतात. अधिक दाब हवा असेल, तर यंत्र आणि चार्जर तारेतून एकमेकांशी संकेतांनी बोलतात. चार्जर आपण काय काय देऊ शकतो ते सांगतो. यंत्र त्यातून ९, १५ किंवा २० व्होल्ट मागून घेते. आणि करार झाल्यावरच दाब वाढतो. २०२१ साली सुधारलेल्या नियमांनुसार या मार्गाने २४० वॉटपर्यंत शक्ती देता येते. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलांना, टॅब्लेटांना व कॅमेऱ्यांना ही पिन सक्तीची केली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही तिच्यासाठी मानक प्रसिद्ध केले आहे.

म्हणजे जे प्रश्न गोल पिनेच्या बाबतीत आपण लेबल वाचून सोडवावयाचे, ते येथे यंत्रे आपापसांत सोडवितात. तरीही वॉटचा हिशेब आपल्यालाच पाहावा लागतो. ६५ वॉटचा लॅपटॉप २० वॉटच्या मोबाइल चार्जरला जोडला, तर तो जळणार नाही; पण बॅटरी भरेल ती अगदी हळूहळू, किंवा मुळीच नाही. शिवाय राउटर, कीबोर्ड, तानपुरा अशी कितीतरी यंत्रे अजून गोल पिनेचीच आहेत, आणि ती पिन मुकी आहे. तिच्या वतीने बोलते ते फक्त लेबल.

खरेदी करताना आणि वापरताना

नवा अडॅप्टर विकत घेताना जुना अडॅप्टर आणि शक्य तर यंत्रही दुकानात न्यावे. जुन्याचे लेबल झिजले असेल, तर यंत्राच्या तळाशी किंवा त्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत आकडे सापडतात. ते कोठेही न सापडल्यास अंदाजाने प्रयोग करू नये. जाणत्या कारागिरास दाखवावे. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण आणि ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी-क्रमांक पाहून घ्यावा. संगणक आणि तत्सम यंत्रांच्या अडॅप्टरांना ही नोंदणी आवश्यक करण्यात आली आहे. ब्यूरोच्या ‘बी.आय.एस. केअर’ या मोबाइल-ॲपवर तो क्रमांक तपासताही येतो. एखादा अडॅप्टर संशयास्पद रीतीने स्वस्त आणि हलका असेल, तर दहा-वीस रुपयांच्या लोभाने घर धोक्यात घालू नये.

विद्यार्थ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. अडॅप्टर स्वतः उघडू नये. त्याच्या आत भिंतीतील २३० व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यानंतरही आतील धारित्रांत काही काळ वीज साठून राहू शकते. तुटलेली तार कापून दुसऱ्या तारेला पिळून जोडणे, वर चिकटपट्टी गुंडाळणे, हेही उद्योग टाळावेत. नवा अडॅप्टर प्रथम लावताना मोठ्या माणसांना जवळ बोलवावे, आधी पिन यंत्रात घालावी, मग भिंतीचे बटण दाबावे, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटे तो किती तापतो यावर लक्ष ठेवावे. कोमट लागला तर चिंता नाही. हात ठेववत नसेल, किंवा वास येत असेल, तर तात्काळ बंद करावा.

उपसंहार

आमची पेटी दुरुस्त झाली. धारित्र आणि दाब स्थिर राखणारा एक भाग, असे दोन भाग बदलावे लागले. सूर निर्माण करणारा भाग सुदैवाने वाचला. कारागिराने पैसे फार घेतले नाहीत. पण पेटी परत देताना त्याने तिच्या तळाकडे बोट दाखविले आणि काहीच बोलला नाही. तेथे १२ व्होल्ट, मध्य धन, सारे काही छापलेले होते. तेवढे वाचावयास आम्हांस अर्धे मिनिटही लागले नसते, आणि आमच्याजवळ त्या दिवशी चार तास होते.

बाईंकडे जाऊन आम्ही घडले ते सांगितले. त्या हसून म्हणाल्या, “अहो, तार चढवताना तुटली तर आम्ही दुसरी लावतो, पण कोणती तार कुठल्या खुंटीची, ते आधी बघून घेतो.” संगीतातील माणसाला जे सहज ठाऊक होते, ते भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला पेटी जळाल्यावर कळले.

त्यानंतर नववीच्या मुलामुलींनी एक काम आपण होऊन अंगावर घेतले. शाळेतील सर्व अडॅप्टर गोळा करून त्यांनी प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधली. तीवर यंत्राचे नाव, दाब, प्रवाह आणि ध्रुव मराठीत ठळक अक्षरांनी लिहिले. यंत्रावरही तशीच चिठ्ठी डकविली. ज्यांचे यंत्रच उरले नव्हते, असे अडॅप्टर निराळ्या खोक्यात भरून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिले. या कामाला दोन दुपारी लागल्या. येत्या सुट्टीत आपल्या घरातील त्या गुंत्याच्या खणाचेही आपण असेच करावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे. घरातील वडीलमंडळींना बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. ती वाचून मोठ्या अक्षरांत लिहून देणे, हे शाळेत जाणाऱ्या मुलाला सहज जमणारे काम आहे.

संगीत-कक्षातील पेटीच्या नव्या अडॅप्टरवरची चिठ्ठी ज्या मुलीने लिहिली, ती तोच प्रश्न विचारणारी मुलगी. तिने आकडे व्यवस्थित लिहिले आणि खाली एक ओळ आपल्या मनाची घातली : ‘सर, आधी वाचा, मग लावा.’ ती चिठ्ठी आम्ही काढलेली नाही.